टाकी घराची, उपसायची कुणी?

मैत्रिणींनो, संडास हवा की नको हा वाद कधीच संपला. अंधारात डबा घेऊन निघण्याचे हाल, दिवसभर धरून ठेवल्याने जडणारी दुखणी, आडोशाला टपलेले पुरुष, हे सगळं आपण पुष्कळदा मांडलं आहे. मला बोलायचं आहे ते संडासाच्या मागे जमिनीत पुरलेल्या टाकीबद्दल. जिच्या झाकणावर आपण धुण्याची बादली ठेवतो, वाळवण घालतो आणि जी भरून वाहायला लागेपर्यंत जिचं नावही काढत नाही, ती सेप्टिक टँक. बाईचे फुकट श्रम, पुरुषाची मालकी आणि जात, या तिन्ही गोष्टी त्या टाकीत एकत्र कुजत पडल्या आहेत, असं माझं म्हणणं आहे. स्त्री-चळवळ मात्र संडासाच्या दारापर्यंत येऊन थांबली.

उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात हा काही आडबाजूचा विषय नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरी घरांपैकी सुमारे 38 टक्के घरांचे संडास सेप्टिक टँकला जोडलेले होते आणि सार्वजनिक गटाराला जोडलेली घरं 33 टक्क्यांच्याही आत होती. म्हणजे शहरांतसुद्धा बहुसंख्य मैला घराच्या आवारातच थांबतो. खेड्यांचं तर विचारायलाच नको.

टाकीचं काम साधं आहे. मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जंतू मैला कुजवतात, पण सगळा नाही. उरतो त्याचा गाळ होतो. तो दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. भारतीय मानकात या टाकीचं माप, खोली, आतली भिंत, हवेचा पाईप सगळं लिहिलेलं आहे. आपल्याकडे मात्र माप ठरवतो गवंडी, आणि गवंड्याशी बोलतो घरमालक. दोघांचं गणित एकच असतं: टाकी जेवढी मोठी तेवढी चिंता कमी, पंधरा-वीस वर्षं बघायला नको. तळ बांधायचा नाही, मधली भिंत घालायची नाही, जास्तीचं पाणी गटारीत सोडायचं. वर फरशी बसवताना झाकणही फरशीखाली गाडून टाकायचं, कारण अंगण छान दिसलं पाहिजे. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, पाणी पिऊन घेत नाही. शोषखड्डा तुंबतो आणि भांड्यातून पाणी उलटं वर येतं.

उलटं वर आलेलं ते पाणी कोण काढतं? घराच्या कामांची यादी आपण शिबिरांमध्ये किती वेळा फळ्यावर लिहिली आहे! चूल, पाणी, धुणं, भांडी, मुलं, म्हातारी माणसं. टाकीचं काम त्या यादीत मी कधी पाहिलं नाही. भांडं घासायचं बाईने. तुंबलं तर बांबू घालायचा बाईने. पाणी आणायचं तेही बाईने. धाराशिव-लातूरच्या दुष्काळाबद्दल वेगळं सांगायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तसल्या उन्हाळ्यात संडासात ओतलेली प्रत्येक बादली कुणाच्या तरी कमरेवरून आलेली असते. 1993 च्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांत कितीतरी घरांच्या संडासात सरपण रचलेलं असायचं. 'लोकांना सवय नाही' असं सांगून अधिकारी मोकळे झाले. त्या संडासाला लागणारं पाणी कोण भरणार, हे घर आखताना कुणी विचारलंच नव्हतं.

आणि दोषही बाईचाच. 'तूच लई पाणी टाकतीस', 'पोरींनी काहीतरी टाकलं असंल.' पाळीचा कपडा, पॅड भांड्यात टाकला तर पाईप तुंबतो हे खरं आहे. पण तो दुसरीकडे टाकायची सोय त्या घरात आहे का? कपडा दोरीवर उन्हात वाळत घालायची मुभा आहे का? दिसता कामा नये म्हणून सगळं लपवायचं, आणि लपवलेलं पाईपात अडकलं की बोलणी खायची. तीच गोष्ट अ‍ॅसिडची. जाहिरातीत एक टापटीप पुरुष घरात शिरून बाईला तिचा संडास किती मळका आहे ते दाखवतो आणि ती ओशाळून बाटली विकत घेते. भांडं पांढरंशुभ्र झालं पाहिजे म्हणून ती रोज अ‍ॅसिड, फिनेल ओतते. त्याने टाकीतले जंतू मरतात, मैला कुजत नाही, टाकी लवकर भरते. हे तिला कुणी सांगत नाही. पांढऱ्या भांड्यावरून तिची किंमत ठरते, टाकी भरल्यावर पुन्हा तीच बोलणी खाते.

आता यावर नवा इलाज विकायला आला आहे: हवा खेळवणारी टाकी. पंपाने टाकीत सतत हवा सोडायची. हवेवर जगणारे जंतू मैला लवकर आणि जास्त खातात, वास कमी येतो, बाहेर पडणारं पाणी बरंच स्वच्छ असतं आणि जंतुनाशक वापरल्यावर झाडांना घालता येतं. तंत्र खोटं नाही. पाण्याच्या टंचाईत त्याचा उपयोगही आहे. पण विकणारे 'बसवा आणि विसरा' अशा थाटात बोलतात, ते खोटं आहे. पंपाला वीज अखंड लागते. तासन् तास वीज गेली की आतले जंतू गुदमरतात आणि महागड्या टाकीची साधी तुंबलेली टाकी होते. हवेची गाळणी साफ करायची, जंतुनाशकाच्या गोळ्या संपल्या का बघायचं, पंपाचा आवाज बदलला का ऐकायचं, खरकटं तेल मोरीत जाऊ द्यायचं नाही. दिवसभर घरात असतं कोण? बिनपगारी ऑपरेटर म्हणून बाईची नेमणूक झालीच समजा. शिवाय गाळ याही टाकीत साठतो आणि तो कुणीतरी काढावाच लागतो.

जपानमध्ये अशा घरगुती टाक्या फार आहेत. तिथे 1983 मध्ये खास कायदा केला गेला. ठरावीक काळाने देखभाल, गाळ काढणं आणि वर्षातून एकदा तपासणी मालकावर बंधनकारक आहे, आणि ही कामं प्रशिक्षित, परवानाधारक माणसं करतात. म्हणजे टाकीची देखभाल हे कौशल्याचं, मोबदल्याचं काम मानलं. आपण यंत्र तेवढं आयात करतो. काम मात्र इथल्या रिवाजाप्रमाणे वाटून टाकतो: घरातलं बायकांना, झाकणाखालचं दलितांना.

झाकणाखालचं बोलायलाच हवं. पंधरा वर्षं न उपसलेल्या टाकीत गाळ दगडासारखा बसतो. गाडीचा पाईप तो ओढू शकत नाही. मग 'माणूस बघा' असं म्हटलं जातं, आणि हा माणूस कोणत्या वस्तीत बघायचा हे सगळ्यांना न सांगता ठाऊक असतं. जिथे पोट जाळण्याची दुसरी सोय नाही तिथले इतर मजूरही आता या कामात ओढले जातात. आत विषारी वायू असतो, प्राणवायू नसतो. सडक्या अंड्याचा वास येणारा वायू वाढला की नाकाला तो वासही कळेनासा होतो. एक कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे असेच पाच मजूर मेले. परभणी आपल्याच मराठवाड्यात आहे. कितीजणींच्या बैठकीत त्यावर बोलणं झालं?

आणि सरकार काय म्हणतं? जुलै 2021 मध्ये राज्यसभेत सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लेखी उत्तर दिलं की हाताने मैला वाहण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. शब्दांचा खेळ असा की टाकीत, गटारात मरणं हे 'धोकादायक सफाई'त मोजायचं, मैला वाहण्यात नाही. दलित चळवळीतून पुढे आलेल्या माणसाच्या सहीने हे उत्तर निघावं, याहून मोठी शोकांतिका कोणती!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात तीन बायका जिंकल्या. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीच्या एका खाजगी सोसायटीची टाकी साफ करताना त्यांचे नवरे मेले होते. जागा खाजगी, काम कंत्राटदाराचं, म्हणून भरपाईची जबाबदारी इकडून तिकडे ढकलली जात होती. न्यायालयाने सांगितलं की प्रत्येकीला दहा लाख रुपये आधी शासनाने द्यावेत, दोषींकडून वसूल करायचे ते नंतर करावेत. हा दहा लाखांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने तो तीस लाख केला. या तिघींची लढाई मला आपल्या चळवळीची लढाई वाटते. पण आपण तिला 'कामगारांचा प्रश्न', 'दलितांचा प्रश्न' अशा वेगळ्या फायलीत ठेवून दिली.

कायदा घरमालकालाही सोडत नाही, हे आपल्या गटांतल्या बायकांना सांगायलाच हवं. 2013 च्या कायद्याने कोणाही व्यक्तीला गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'त्याने स्वतःहून उतरायचं कबूल केलं' ही पळवाट नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, हुंडा, मारझोड, मजुरी, पोटगी असे प्रश्न असताना हे गू-मुताचं कशाला? मला उलट विचारायचं आहे. घरातली घाण साफ करणारी बाई आणि टाकीतली घाण साफ करणारा माणूस, दोघांचंही काम 'घाणेरडं' म्हणून फुकट किंवा मातीमोल ठरवणारी व्यवस्था एकच नाही का? आणि सवर्ण घरातली बाई जेव्हा टाकी उपसणाऱ्याला पाणीही वरून ओतते, तेव्हा ती कोणत्या बाजूला उभी असते? बाईपणाच्या नावाखाली हा प्रश्न झाकता येणार नाही.

इलाज अवघड नाही, आणि तो आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. सिन्नर आणि वाई या दोन नगरपालिकांनी 2018 पासून ठरल्या वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली. तीन वर्षांतून एकदा प्रत्येक घराची पाळी. टाकी भरण्याची वाट बघायची नाही, पुरुषाच्या खिशाची आणि मर्जीची वाट बघायची नाही, गाडी दारात येते. वेळेवर उपसलेला गाळ पातळ असतो, तो यंत्राने ओढता येतो, माणूस उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. गाडी ओढ्यात किंवा कुणाच्या शेताच्या बांधावर रिकामी न होता प्रक्रिया केंद्रावर जाते की नाही, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना भूकंपानंतरची वर्षं आठवून द्यावीत. घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी संवाद सहायक म्हणून बायकाच नेमल्या होत्या. सिमेंट-वाळूचं प्रमाण, भिंतीतले जोडदगड, सगळं त्यांनी शिकून घेतलं आणि गवंड्याला जाब विचारला. त्यांना टाकीची आतली भिंत कळणार नाही?

तेव्हा येत्या तीन महिन्यांत आपल्या गटांनी एवढं तरी करावं. वॉर्डातल्या, गावातल्या टाक्यांची यादी करावी: केव्हा बांधली, शेवटची केव्हा उपसली, झाकण कुठे आहे, जास्तीचं पाणी कुठे जातं. ती यादी घेऊन नगरपालिकेत, ग्रामसभेत जावं आणि ठरल्या वेळापत्रकाने यंत्राची गाडी मागावी, तिचा खर्च घरपट्टीतून, म्हणजे घराच्या मालकाकडून घ्यावा. गाडीवरच्या कामगारांना कायम नेमणूक, साधनं आणि विमा मागावा. नवी टाकी बांधताना घरातली बाई हजर असल्याशिवाय स्लॅब पडू देऊ नये. आणि ज्या घरांत झाकण फरशीखाली गेलं आहे तिथे ती फरशी उन्हाळ्यातच फोडून घ्यावी. पाऊस लागला की काळ्या मातीत काही करता येत नाही.