मुखपट्टीआडचा शब्द

शस्त्रक्रियागृहाचे दार लागले की बाहेर बसलेल्या नातलगांच्या हाती देवाचा धावा करण्यावाचून काही उरत नाही. आत सारे निःशब्द शांततेत चालले असेल, अशी त्यांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. रक्त शोषून घेणाऱ्या यंत्राची घरघर, धोक्याच्या घंटा आणि हाडावर चालणाऱ्या करवतीचा कर्कश आवाज यांतून एकमेकांचे बोलणे ऐकावे लागते. २०२० च्या कोविड साथीत त्यावर एन-९५ मुखपट्टी व चेहऱ्यावरील पारदर्शक ढाल यांची भर पडली. शब्द दबला, ओठांची हालचालही दिसेनाशी झाली. साथ ओसरली तरी क्षयरोग्याच्या शस्त्रक्रियेत अशी मुखपट्टी आजही लागतेच. अशा वेळी ‘फिफ्टीन’चे ‘फिफ्टी’ ऐकले गेले, तर त्या चुकीची किंमत बेशुद्ध रुग्णालाच मोजावी लागेल.

यावरील उपाय खर्चिक नाही. विमानचालक तो फार मोठी किंमत देऊन शिकले. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन विमाने आदळून ५८३ माणसे प्राणास मुकली. संदेश नीट ऐकला व समजला न जाणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ऐकलेला आदेश उलट म्हणून दाखविण्याचा दंडक पुढे अधिक कडक झाला. शस्त्रक्रियागृहातही तोच हवा. आदेश नाव घेऊन द्यावा, आकडा ‘एक-पाच’ असा सुटा उच्चारावा, ऐकणाऱ्याने तो परत म्हणावा आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणून दुजोरा द्यावा. टोपीवर नाव व हुद्दा ठळक लिहावा. निर्णायक क्षणी गप्पा व संगीत वर्ज्य असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेली १९ मुद्द्यांची तपासणी-सूची दिल्लीसह जगातील ८ शहरांत वापरून पाहिली गेली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. चिरेपूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हा त्या सूचीतील एक साधा मुद्दा. ज्याने एकदा तोंड उघडले, त्याला पुढे धोका दिसताच बोलणे जड जात नाही.

खरा अडसर मुखपट्टीचा नाहीच, तो मानमरातबाचा आहे. ‘डॉक्टर, मला ऐकू आले नाही, पुन्हा सांगा,’ असे म्हणण्यास नवशिकी परिचारिका कचरत असेल, तर कोणतेही यंत्र तिला बोलते करणार नाही. ते धैर्य तिला देणे हे ज्येष्ठ शल्यविशारदांचे कर्तव्य आहे. आमच्या रुग्णालयांनी उद्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेपासून ही प्रथा सुरू करावी. दाराबाहेर बसलेल्यांची एवढीच अपेक्षा आहे.