आमच्याच गावी आम्ही उपाशी

मार्गशीर्षातील एका शनिवारी जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन घेऊन आम्ही चार मंडळी सौंसरहून पांढुर्ण्याकडे निघालो. दुतर्फा संत्र्यांच्या बागा आंबिया बहाराने लवल्या होत्या; शेतांत तूर शेंगांवर आली होती. भूक अनावर झाली तेव्हा वाटेवरील एका उपाहारगृहात शिरलो. दारावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी ठळक पाटी, आत देवांच्या तसबिरींना ताजे हार! मन प्रसन्न झाले. ती प्रसन्नता ताटे येईपर्यंत टिकली.

पनीरची म्हणून एक, मिश्र म्हणून दुसरी आणि ‘कोल्हापुरी’ म्हणून तिसरी अशा तीन भाज्या आल्या. परंतु तिघींचा रस्सा एकाच पातेल्यातला, तोच तांबडा, तेलकट आणि किंचित गोडसर. रोटी गरम असता कच्ची आणि निवल्यावर चामडे. संत्र्याचा रस मागितला, तर नारिंगी रंगाची बाटली पुढे आली. आणि बाहेर रस्त्यावर संत्र्यांनी भरलेला ट्रक उभा होता! अखेर आम्ही वाढप्याला विचारले, “ज्वारीची भाकरी अन् वांग्याचे भरीत मिळेल काय?” पोरगा मराठीच, पण गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलण्याची सवय. हसून म्हणाला, “वो तो घर का खाना है, साहब.”

त्या पोराला आम्ही दोष देत नाही. साऱ्या समाजाच्या मनात जे आहे, तेच तो बोलला. आपले अन्न चार लोकांत मांडण्याच्या योग्यतेचे नाही, अशी आपली समजूत झाली आहे, आणि आमचा खरा वाद तिच्याशी आहे.

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर आणि पांढुर्णा एकाच राज्यात होते. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपल्या भाषेने माजघराचा आश्रय घेतला, आणि तिच्यामागोमाग सोलेभात, गोळाभात, पाटोडी, झुणका हेही तिथेच जाऊन बसले. 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु या जिल्ह्याची चव कोणती, असे परक्याने विचारले तर त्याला कोणत्या दारी धाडावे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीमुळे देश आपल्याला ओळखतो. आपले दगड सर्वांना ठाऊक आहेत. आपले पुरण कोणाला ठाऊक नाही!

उपाहारगृहाचे चालक म्हणतील, भाकरी थापायला वेळ लागतो, तिला दाम येत नाही आणि गिऱ्हाईक पनीरच मागते. इडली-डोसा तरी दुसरे काय होते? उडुपीकडच्या मंडळींनी आपल्या घरची व देवळाच्या परंपरेतली पाककला मुंबईत आणली आणि सगळ्या शहराला तिची गोडी लावली. माटुंग्याला 1942 साली रामा नायकांनी काढलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगची ख्याती आमच्या कोंकणी वाचकांना सांगायला नको. फार लांब कशाला, नागपूरचे सावजी जेवण हे विणकरांच्या घरचे जेवण. त्यातील सामिष भाग आमच्या पुष्कळ वाचकांच्या उपयोगाचा नाही. पण त्या घरांनी आपली चव लपवली नाही, हा धडा तरी घेण्याजोगा आहे.

सर्वच उपाहारगृहे वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही, आणि अपराध एकट्या चालकांचाही नाही. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळीला बाजूला सारून पनीर मांडणारे यजमान आपणच. “घरचेच खायचे तर बाहेर कशाला जायचे?” असे विचारणारेही आपणच. या प्रश्नाचे उत्तर घरच्या गृहिणीला विचारावे. जन्मभर ती दुसऱ्यांच्या ताटात तव्यावरची भाकरी टाकते आणि स्वतः शेवटची, निवलेली खाते. तिला एक दिवस कोणी आयती, गरम, पदर सुटलेली भाकरी वाढू नये काय? आणि खेड्याखेड्यांतून उत्तम भाकरी थापणाऱ्या ज्या बाया आहेत, त्यांच्या हातच्या कसबाला रोख मजुरी मिळू नये काय?

आमची मागणी मोठी नाही. शनिवारी जामसावळीला दर्शनार्थींची रीघ लागते. निदान त्या दिवशी तरी त्या वाटेवरच्या उपाहारगृहांनी भाकरी, भरीत, ठेचा आणि कढी असे एक ताट ठेवावे, पाटीवर त्याचे नाव मराठीत लिहावे आणि त्याचा वाजवी दाम निःसंकोच घ्यावा. आणि आपण ते मागावे. एकदा ‘नाही’ ऐकले तरी पुढल्या शनिवारी पुन्हा मागावे. देवळातल्या भंडाऱ्यात साधे वरण-भात जेवून तृप्त होणारे आपण, बाहेर दाम मोजून अतृप्त उठतो आणि मुकाट्याने बडीशेप चघळतो. जेवणापूर्वी श्लोक म्हणणाऱ्या समाजाला हे मौन शोभत नाही.