घडलेली सहल

समुद्रसहल फसली की आपण भरलेल्या पैशांचा हिशेब मागतो. ते रास्तच आहे. परंतु भरपाई मिळाली तरी हिरमोड उरतोच. त्याचे काय करावे?

१८६७ साली मार्क ट्वेन ‘क्वेकर सिटी’ या आगबोटीने भूमध्य समुद्राच्या सहलीस गेले. अथेन्सनजीकच्या पिरिअस बंदरात ११ दिवसांच्या विलगीकरणाचा हुकूम झाला; समोर दिसणारे अथेन्स हुकणार होते. तेव्हा ट्वेन यांच्यासह चौघे रात्री गुपचूप उतरले आणि चांदण्यातले पार्थेनॉन पाहून आले. त्या नियमभंगाचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र १८६९च्या ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’मध्ये ट्वेन यांनी सहलीतला कंटाळाही लपवला नाही. आमच्या मते हिरमोडावरचा उतारा हाच: माहितीपत्रकातली सहल बाजूला ठेवून घडलेली सहल प्रांजळपणे सांगणे.