ताकासारखे तेल

परतवाड्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. परतवाडा म्हणजे सागवानाचे, ट्रकांचे आणि संत्र्यांचे गाव. समुद्र तिथून शेकडो मैल. आणि यांचा प्रश्न होडीच्या इंजिनाचा! हसू नका. नद्यांवर धरणे झाली, धरणांत मासळी आली, मासळीमागे होड्याही आल्याच की.

ओळखीच्या भोई मंडळींनी वर्गणी काढून होडीमागे टांगायचे इंजिन घेतले. आता त्याच्या खालच्या गिअरपेटीतले तेल ताकासारखे पांढरे निघते. मिस्त्री म्हणतो, "तेल बदला, झाले." एवढ्याने भागेल काय?

भागायचे नाही! तेल पांढरे होणे ही नुसती खूण. पाणी शिरले कुठून ते शोधले पाहिजे. ही पेटी सदा पाण्यात बुडालेली. पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे रबरी सील असते. मासेमारीच्या होडीत पहिला संशय जाळ्याच्या तंगुसावर घ्यावा. तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळतो आणि सील कापतो. पंखा उतरवला की चोर सापडतो. तिथे काही नसेल, तर स्क्रूंखालची वायसरे पाहा. ती दर खेपेस नवी घालायची असतात, पण एवढ्याशा वस्तूसाठी कोण बाजारात जातो!

दुरुस्ती झाली की इंजिन उभे धरून आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. सगळे तेल निथळू द्या. नवे तेल मात्र खालच्या भोकातून चढवायचे, वरच्यातून बाहेर येईपर्यंत; वरून ओतले तर आत हवा कोंडते. मग आधी वरचा स्क्रू बसवा, नंतर खालचा.

हे टाळले तर बेअरिंगे गंजतात, गिअरचे दाते झिजतात, आणि एखाद्या दुपारी वारा सुटलेला असताना होडी भर धरणात उभी राहते. त्यात चार घरांचे कर्ते पुरुष असतात.

हे इंजिन 1909 साली अमेरिकेत विकायला आणले ते ओले एव्हिनरूड यांनी. वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळले, म्हणून ही युक्ती सुचली, असे सांगतात. खरेखोटे त्या दोघांना ठाऊक!

काढलेले तेल धरणात ओतू नका, ते पाणी कुणाच्या तरी माठात जाते. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. दोन-चार फेऱ्यांनंतर खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंब पाहा. पुन्हा पांढरा दिसला, तर सील नीट बसलेले नाही. तोवर होडीत वल्ही असू द्या.