विश्लेषण : ना अटक, ना जाहीर बंदी… तरीही चीनला ‘रॉकच्या जनका’ची धास्ती का?

चीनमध्ये सरकारला खटकणारा कलाकार दरवेळी तुरुंगात जातोच असे नाही. अनेकदा त्याला फक्त सभागृह मिळत नाही. ‘चिनी रॉकचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे त्सुई जियान यांची चार दशकांची कारकीर्द हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

त्सुई जियान कोण आहेत?

त्यांचा जन्म १९६१ मध्ये बीजिंगमधील कोरियन वंशाच्या कुटुंबात झाला. वडील ट्रम्पेटवादक, तर आई नृत्यपथकात. १९८१ मध्ये त्सुई बीजिंगमधील सरकारी वाद्यवृंदात ट्रम्पेटवादक म्हणून रुजू झाले. म्हणजे कायमची नोकरी आणि ठरलेला पगार. त्याच काळात चीनची दारे बाहेरच्या जगासाठी उघडत होती आणि पाश्चात्त्य संगीताच्या कॅसेट हातोहात फिरत होत्या. त्या ऐकून त्सुई यांनी गिटार हाती घेतली.

१९८६ मध्ये काय घडले?

मे १९८६ मध्ये बीजिंगच्या ‘वर्कर्स जिम्नॅशियम’मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता वर्षानिमित्त मोठा कार्यक्रम झाला. त्यात त्सुई यांनी ‘यी वू सुओ यू’ हे गाणे गायले. या शब्दांचा अर्थ ‘जवळ काहीच नाही’. वरवर पाहता ते प्रेमगीत होते. पण सामूहिक गौरवगीतांवर वाढलेल्या पिढीला त्यात पहिल्यांदाच ‘मी’ ऐकू आला. वायव्य चीनच्या लोकसंगीताचा बाज आणि रॉकचा ठेका यांचा मेळ त्यात होता. त्यामुळे ते उसने वाटले नाही.

तिआनआनमेनशी संबंध काय?

मे १९८९ मध्ये तिआनआनमेन चौकात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर त्सुई गायले. त्यांचे हे गाणे आंदोलनाचे अनधिकृत गीत बनले होते. काही दिवसांतच, ४ जूनला लष्कराने आंदोलन चिरडले.

मात्र त्सुई यांच्यावर लगेच बंदी आली नाही. १९९० मध्ये बीजिंगमधील आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी निधी उभारण्याच्या दौऱ्याला त्यांना परवानगी मिळाली. डोळ्यांवर लाल फडके बांधून ते मंचावर येत. गर्दीचा प्रतिसाद पाहून हा दौरा मध्येच थांबवण्यात आला. त्यानंतर अनेक वर्षे बीजिंगमधील मोठी सभागृहे त्यांच्यासाठी बंद राहिली.

ही अघोषित बंदी चालते कशी?

चीनमध्ये जाहीर कार्यक्रमासाठी सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते. कोणती गाणी होणार, त्यांचे शब्द काय, हे आधी कळवावे लागते. परवानगी नाकारली, की बंदीचा वेगळा आदेश काढावाच लागत नाही. त्यामुळे आव्हान द्यायचे तरी कशाला, हा प्रश्न उरतो.

त्सुई यांनी छोट्या जागांवर गात राहण्याचा मार्ग निवडला. २००२ मध्ये त्यांनी मंचावर केवळ ओठ हलवण्याच्या प्रथेविरोधात मोहीम उघडली. पुढे २००५ च्या सरकारी नियमावलीनेही अशा फसवणुकीला मनाई केली. २००६ मध्ये शांघायला ‘रोलिंग स्टोन्स’सोबत ते एकाच मंचावर गायले. २०१४ मध्ये सरकारी वाहिनीच्या वसंतोत्सव कार्यक्रमाचे निमंत्रण आले, पण गाणे बदलण्याची अट त्यांनी मान्य केली नाही, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले होते.

आता चित्र बदलले आहे का?

१५ एप्रिल २०२२ रोजी, शांघाय कडक टाळेबंदीत असताना, त्सुई यांचा ऑनलाइन कार्यक्रम ‘वीचॅट’वर झाला. तो ४ कोटींहून अधिक जणांनी पाहिला. कोणत्याही स्टेडियममध्ये एवढी माणसे मावली नसती.

पण याला दुसरी बाजूही आहे. १९९० च्या दशकात एक सभागृह नाकारले, तरी कॅसेट घराघरांत शिल्लक राहत असे. आता गाणी मोजक्याच कंपन्यांच्या सर्व्हरवर असतात. २०१९ मध्ये ली झी या लोकप्रिय गायकाची गाणी चिनी ॲपवरून अचानक नाहीशी झाली, ती याचमुळे शक्य झाले.

त्सुई टिकले, कारण त्यांची गाणी आधीच लोकांच्या तोंडी बसली होती. आज विशीत असलेल्या चिनी गायकाला तेवढी उसंत मिळेल का, हा खरा प्रश्न आहे.