पसंती आमची
न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसमध्ये वर्षातून दोनदा पुढच्या मोसमाचे कपडे मिरवले जातात. आम्हाला त्यांत मिलानचा हिवाळा आवडतो. लांब लोकरी कोट, साधा रंग, नेटकी शिवण. २०१७ मध्ये तिथल्या मंचावर सोमाली-अमेरिकन हलिमा एडन हिजाब घालून चालली, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. पुढे एका जाहिरातीत तिच्या डोक्यावर हिजाबऐवजी जीन्स गुंडाळली गेली. दीनशी तडजोड होतेय म्हणत २०२० मध्ये तिने मंचच सोडला.

भगिनींनो, फॅशन जरूर बघा. पण कपडा घेताना आम्ही दोनच गोष्टी पाहतो. यात नमाज पढता येईल का? आणि पुढच्या मोसमातही तो वापरू का? एकाच मोसमाची हौस म्हणजे इस्राफच.