एकट्याला शिक्षा, झुंडीला मोकळीक

पक्षांतरबंदी कायदा आणखी कडक करा, अशी मागणी प्रत्येक फुटीनंतर उठते. तो कुचकामी ठरला, मोडीतच काढा, असे म्हणणारेही कमी नाहीत. दोघांचा संताप खरा आहे, पण दोघांचेही निदान चुकते आहे. हा कायदा जिथे कडक हवा तिथे सैल आहे आणि जिथे सैल हवा तिथे गळा आवळतो.

मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी १९६७ नंतरची वर्षे आठवावीत. हरियाणात गयालाल यांनी इतक्या झपाट्याने पक्ष बदलले की ‘आयाराम-गयाराम’ हे नाव देशभर रूढ झाले. तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला असे आढळले की, २१० पक्षांतर केलेल्या आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले होते. तेही आपल्याच पक्षांतराने आणलेल्या सरकारांत. विचार बदलला म्हणून पक्ष बदलला, हा बचाव या एका आकड्यापुढे टिकत नाही. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला दहावे परिशिष्ट जोडले गेले, ते याच बाजाराला आळा घालायला. ती गरज आजही तेवढीच आहे.

मग बिघडले कुठे? पळवाट मूळ मसुद्यातच होती. एक-तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’, म्हणून माफ. दोन-तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते ‘विलीनीकरण’, म्हणून तेही माफ. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने पहिली सवलत काढली, दुसरी ठेवली. गोव्यात २०१९ साली काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, म्हणजे नेमके दोन-तृतीयांश. त्या अनुभवाने पोळलेल्या काँग्रेसने २०२२ च्या निवडणुकीआधी उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले. देवासमोरची शपथ मोडली आणि कायद्याने कोणाचेही काही वाकडे केले नाही. मतदाराची याहून उघड फसवणूक कोणती?

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे किती बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात पोचले हे महाराष्ट्र रात्रंदिवस मोजत होता. शिवसेनेचे आमदार ५५, म्हणून दोन-तृतीयांशाचा ३७ हा आकडा पोराटोरांच्या तोंडी झाला. हे लोक का निघाले, हा प्रश्न मागे पडला आणि डोकी मोजणे तेवढे उरले. ही सवय या कायद्यानेच लावली.

आता कडक करा म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद. मतदार चिन्ह पाहून मत देतो, तेव्हा निवडून आलेल्याने पक्षादेश पाळलाच पाहिजे, असे ते म्हणतात. हे मान्य केले तर ३७ जणांनाही त्या चिन्हाची मते घेऊन पलीकडे जाता येणार नाही. संख्येने गैर गोष्ट रास्त होत नाही. म्हणून विलीनीकरणाची सवलत रद्दच झाली पाहिजे. ज्याला जायचे त्याने, एकटा असो वा पन्नास जणांसह, राजीनामा द्यावा आणि पुन्हा मतदारांपुढे उभे राहावे.

पण त्याच युक्तिवादाने प्रत्येक विधेयकावर आमदाराचे तोंड बांधणे मला मुळीच मान्य नाही. आज साध्या विधेयकावरही पक्षादेश निघाला तर विरोधात मत देणारा किंवा नुसता तटस्थ राहणाराही आमदारकी गमावू शकतो. पाणीवाटपाचे विधेयक आपल्या तालुक्याच्या मुळावर येणारे आहे हे दिसत असूनही दुष्काळी भागातल्या आमदाराने हात वर करायचा, मग त्याला निवडून का दिले? ब्रिटनमध्ये २०१९ साली ब्रेक्झिटवरून सरकारविरुद्ध मत देणाऱ्या २१ हुजूर खासदारांना पक्षाने दूर केले, पण त्यांची खासदारकी कायम राहिली. पक्षाने पक्षातून काढावे; सभागृहातून काढण्याचा हक्क मतदाराचा. सरकारचे अस्तित्व ठरवणारे विश्वास-अविश्वासाचे ठराव आणि अर्थविषयक विधेयके यांपुरताच सक्तीचा पक्षादेश असावा. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच साधारण हे सुचवले होते.

पक्षादेश सैल केला तर मतेच विकत घेतली जातील, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण थैल्या सुटतात त्या सरकार पाडायला आणि तारायला. तिथला पक्षादेश तसाच राहणार आहे.

राहिला अपात्रतेचा निवाडा करणाऱ्याचा प्रश्न. सभागृहाच्या अध्यक्षांकडून हा अधिकार काढणे म्हणजे विधिमंडळाच्या सार्वभौमत्वावर घाला, असे सांगितले जाते. ज्या बहुमताच्या जोरावर अध्यक्ष खुर्चीत बसतात, त्याच बहुमताच्या भवितव्याचा निवाडा त्यांनी करायचा, यात सार्वभौमत्व कसले? १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी हाच आक्षेप घेतला होता. मणिपूरमध्ये काँग्रेसच्या तिकिटावर २०१७ साली निवडून आलेले श्यामकुमार लगेच भाजप सरकारात मंत्री झाले; अध्यक्ष निर्णय देईनात, म्हणून त्यांना मंत्रिपदावरून हटवायला मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. महाराष्ट्रात जून २०२२ च्या बंडाचा निकाल अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दिला. तो बरोबर की चूक यावर वाद होऊ शकेल, पण दीड वर्षाच्या विलंबाचे समर्थन कोणत्याच पक्षाच्या माणसाने करू नये. निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली कायमस्वरूपी न्यायाधिकरण नेमण्याचा विचार संसदेने करावा, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०२० मध्ये सुचवले आहे.

घटनादुरुस्तीला बहुमत कुठून आणायचे, असे विचारून हा विषय दरवेळी गुंडाळला जातो. एका सुधारणेला मात्र संसदेची वाट पाहावी लागत नाही. परिशिष्टाच्या आठव्या परिच्छेदाने अध्यक्षांना नियम करण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्र विधानसभेचे १९८६ चे अपात्रता नियम त्यातूनच आले. अपात्रतेची याचिका तीन महिन्यांत निकाली काढलीच पाहिजे, एवढे एक वाक्य त्यांत घालावे. येत्या अधिवेशनात हा नियम सभागृहापुढे ठेवा, अशी मागणी प्रत्येक मतदारसंघाने आपल्या आमदाराकडे लेखी करावी.